नकाशावाचनाचा वर्ग बंद करणाऱ्याचे मृत्युपत्र

मी, खाली सही करणारा, वय सदुसष्ट, अधिकारी प्रशिक्षण शाळेतला निवृत्त नकाशा-शिक्षक, फुप्फुसांनी साथ सोडली तरी डोके ताळ्यावर असताना, कोणाच्याही धाकाशिवाय हे लिहून देतो. डॉक्टरांनी मला आठवडा दिला आहे. चौकशी समितीने माझ्या मुलीला उद्याचा दिवस दिला आहे. म्हणून ही घाई.

१. राहते घर मुलाला. वरची खोली मात्र त्याच्या बहिणीची, ती असेतोवर. त्यावरून सूनबाईंनी नाक मुरडू नये.

२. होकायंत्र, मोजपट्टी आणि नकाशांची पेटी मुलीला. ती हात लावणार नाही, ठाऊक आहे. तरीही तिलाच.

३. नऊ वर्षांपूर्वी, नव्या अधिकाऱ्यांसाठी कोणते वर्ग ठेवावेत हे ठरवायला आम्ही तिघे बसलो होतो. प्रमुख साहेब म्हणाले, "मास्तर, आता प्रत्येकाच्या हातात यंत्र आहे. कागद कोण उलगडतो?" मी दोन दिवस भांडलो. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "सही करा, तुमच्या मुदतवाढीचं मी बघतो." मी सही केली. नकाशावाचनाचे बारा दिवस जाऊन दोन तासांचे व्याख्यान उरले. जखमींना उचलण्याचा वर्ग निम्मा झाला. मेजवानीच्या शिष्टाचाराच्या वर्गाला धक्काही लागला नाही. मुदतवाढ मिळाली. एक वर्ष.

गेल्या हिवाळ्यात, त्यानंतर त्याच शाळेतून अधिकारी झालेली माझी मुलगी बावीस जवान घेऊन डोंगर उतरत होती. थंडीने यंत्र बंद पडले. धुक्यात तिने कागदी नकाशा उघडला. उंचीच्या रेषांचे टोक चढाकडे वळले की घळ, उताराकडे वळले की धार. ती उलटे समजली आणि धार म्हणून घळीत उतरली. घळीत बर्फ खचले आणि पुढचे तिघे गेले.

घरी आल्यावर तिने एकदाच विचारले, "बाबा, घरात इतके नकाशे होते. मला का नाही शिकवलंत?"

मी तिला आधी जेवून घे म्हणालो. शिकवायला बसलो असतो, तर शाळेत का शिकवत नाहीत हेही सांगावे लागले असते. पुढे चौकशीच्या फायलीत तिला माझी सही दिसली. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही.

४. शाळेला हात जोडून विनंती. घोडेस्वारी, भाषणकला, काटे-चमचे जमले तर ठेवा, नाहीतर सोडा. नकाशावाचन आणि जखमींना उचलणे पुरते शिकवा. बारा दिवस म्हणजे बारा दिवस. त्या तिघांच्या घरी जाऊन हे सांगायची माझ्यात हिंमत नाही. निदान तुम्ही ऐका.

५. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. हे उद्या सकाळी समितीपुढे वाचावे. मुलगी एक रेष चुकली. ती रेष शिकवू नका असे लिहून देणारा हात माझा. शिक्षा द्यायची तर मला द्या, पण लवकर द्या. मला खुर्चीसकट उचलून न्यावे.

हे कलम मी लिहून घेणाऱ्या वकीलबाईंना मोठ्याने सांगत असताना मुलगी दारात येऊन उभी राहिली होती.

"खुर्ची जिन्यातून जायची नाही," ती म्हणाली. "मी पाठीवर घेईन."

सही: नकाशा-मास्तर
साक्षीदार: शेजारचे घड्याळजी, सकाळच्या पाळीची परिचारिका. दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली.
स्थळ: राहते घर, जिन्यालगतची खोली
दिनांक: ११ फेब्रुवारी, बुधवार