बाकावरून आलेली हाक

१४ मार्च, शुक्रवार

प्रिय ताई,

नमस्कार. पत्र पोचलं. आई बरी आहे. तिचा रक्तदाब गोळीचं ऐकतो, ती स्वतः कुणाचंच ऐकत नाही. मी हल्ली शाळेच्या मैदानावर मुलींना फुटबॉलमधला बचाव शिकवते. पोरी गुणी आहेत, पण चेंडू अंगावर आला की आधी डोळे मिटतात. तूही पहिल्या वर्षी मिटायचीस, हे त्यांना सांगून टाकलंय.

पंधरा दिवस घरी येऊ का, असं विचारलं आहेस. आईने पत्र दोनदा वाचलं आणि माझ्यापुढे सरकवलं. "उत्तर तू दे. तुमच्या भांडणात मी कशाला पडू?" म्हणाली. म्हणून लिहायला बसले. चार दिवस टाळलं, आज बसले.

अकरा वर्षं देशासाठी तू गोलमध्ये उभी राहिलीस आणि मी तुझ्यापुढे. माझा डावा गुडघा फिरला त्या वर्षापासून डावीकडे वळायला मला पाऊलभर उशीर व्हायचा. हे डॉक्टरला आणि तुला ठाऊक. कोचलाही आपण पत्ता लागू दिला नाही. हल्ला त्या बाजूने आला की तू मागून ओरडायचीस, "दूध!" लहानपणी आईच्या त्या आरोळीवर दोघी हातातलं टाकून स्वयंपाकघराकडे पळायचो, म्हणून तोच शब्द निवडला होता. समोरच्यांना वाटायचं, या बायकांना भूक लागली.

तू निवृत्त झालीस, दुसऱ्या देशाच्या संघाची कोच झालीस. त्याचा राग नव्हता, काम ते काम. तुझी बॅग मीच भरली होती.

मग तो पात्रता सामना. पहिल्या दहा मिनिटांत तुमचे चार हल्ले आले. चारही माझ्या डाव्या अंगाला. मी तुमच्या बाकाकडे पाहिलं, तर तू वहीत डोकं खुपसून बसलेलीस. ताई, केसाने गळा कापलास. 'मला माझं काम करावंच लागलं,' असं लिहिलं आहेस. करायचं होतंस ना. पण ते गुपित तुला कोच म्हणून मिळालं नव्हतं. माझ्या उशाशी बसून गुडघ्याला तेल चोळताना मिळालं होतं. परकीने केलं असतं तर दोन शिव्या घालून विसरले असते.

इथवर तुला माहीतच आहे. पुढचं मी आईलाही सांगितलेलं नाही.

शेवटची दोन मिनिटं राहिली होती, एक-एक अशी बरोबरी. तुमची ती उंच मुलगी चेंडू घेऊन माझ्या डावीकडे घुसली आणि तुमच्याच बाकावरून तू ओरडलीस, "दूध!" सवयीने निघून गेलं तोंडातून. शेजारची माणसं तुझ्याकडे बघतच राहिली.

मी ऐकलं ताई. वेळेवर ऐकलं. पाय वळायला निघालाही होता. मी तो थांबवला. हिची हाक आता नको, असं वाटलं. की हाही डावच असेल, असं वाटलं? आधी काय वाटलं ते आठवत नाही. गोल झाला आणि आम्ही स्पर्धेबाहेर गेलो.

गुडघ्याने दगा दिला, असं सगळीकडे छापून आलं. निवड समितीने मला वगळलं, तेव्हाही कारण गुडघाच. मी मान डोलावली. गुडघा बिचारा निर्दोष होता. मी लंगडत बाहेर आले ते नाटक होतं. उरलेल्या दहाजणी माझ्या खांद्यावर हात ठेवून रडल्या आणि मी ठेवू दिले. तुला दगाबाज म्हणताना हे रोज आठवतं. म्हणून तर दोन वर्षं पत्र टाकलं नाही.

तुझ्या लक्षात आलं असणार. अकरा वर्षं मला मागून पाहिलंयस तू, खरं लंगडणं तुला कळत नाही होय? तरी पत्रात त्याबद्दल एक ओळ नाही. निदान हे तरी तू कुणाला सांगितलं नाहीस.

ये. आईने तुझी खोली कालच झाडून ठेवली आहे, उत्तर मी द्यायचं म्हणे! मी माफ केलंय असं समजून येऊ नकोस. आणि घरात माझ्या पाठीमागे उभी राहू नकोस, समोर बस. तू मागे असलीस की मला अजून निर्धास्त वाटतं. तेच मला नको आहे.

तरीही तुझीच,
धाकटी