बिस्किटावरचं नाव

काशीद,
दि. ९ नोव्हेंबर

सौ. शिवानीवहिनीस,
रुचिताचा सा. न. वि. वि.

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तर काय बोलू हे मलाही ठाऊक नाही. म्हणून हे पत्र दादाच्या हाती देते आहे. आगरदांड्याहून फेरीबोटीनं दिघीला तुझ्या माहेरी आला की तुझ्या हातात ठेवील. त्याच्यावर राग काढू नकोस. आठवडाभर उरलेल्या पिवळ्या बलकाचं आम्लेट खाऊन तो आधीच रडकुंडीला आलाय.

चूक माझी आहे. सबब सांगत नाही, फक्त कसं झालं ते सांगते. बारशाच्या बिस्किटांवर रॉयल आयसिंगनं बाळाचं नाव लिहायचं हे आपल्या दोघींचंच ठरलं होतं. अंड्याचा पांढरा भाग, चाळलेली आयसिंग शुगर, लिंबाचे थेंब, आणि फेटून फेटून माझे हात भरून आले. पण आपल्या समुद्राच्या हवेत ते मेलं वाळेल तर शपथ! व्हिडिओतल्या पुण्याच्या बायका सांगतात, रात्रभर ठेवा. इथं दुसऱ्या दिवशीही बोटाला चिकटतं, आणि पांढऱ्यावर काढलेली गुलाबी अक्षरं पसरून बसतात. म्हणून आधीपासून करून बघत होते. खिडक्या लावल्या, पंखा चालू ठेवला, उकाड्यापायी आईची बोलणी खाल्ली. काल सकाळी पहिल्यांदा अक्षरं खडखडीत वाळली. 'राही'. इतकी सुबक, की माझाच विश्वास बसेना.

तिथंच माती खाल्ली. फोटो काढला आणि ज्या नंबरवर ऑर्डरी घेते त्याच्या स्टेटसला टाकला. होमस्टेवाल्यांनी बघावं, रुचिताला काय काय जमतं ते, एवढाच विचार होता. पाळण्यात आत्या सांगेपर्यंत नाव बाहेर फुटू द्यायचं नसतं हे शेंबड्या पोरालाही कळतं. आत्या मी, आणि चव्हाट्यावर मांडलं तेही मीच. आई ओरडत आली तेव्हा घाईघाईनं पुसलं, पण तोवर ते खाडीपलीकडे पोचलं होतं.

तुझी आई तू शाळेत असताना गेली. तिचं नाव लेकीला ठेवायचं आणि तुझ्या आप्पांनी ते पहिल्यांदा पाळण्यापाशी ऐकायचं, हे तू दादालाही सांगितलं नव्हतंस. मला सांगितलंस. वहिनी, लाज वाटते गं. जेवताना वाटते, पीठ मळताना वाटते. ते बिस्किट अजून ताटात तसंच आहे, त्याच्याकडे बघवत नाही.

रविवारी पाळण्यापाशी प्रणालीला वाकू दे. चुलत असली तरी आत्याच आहे. मी येत नाही. आप्पांसमोर उभं राहायला मला तोंड नाही.

लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही. बाळाला पापे.

तुझी,
रुचिता


दिघी,
दि. १२ नोव्हेंबर

चि. रुचितास,
अ. उ. आ. पद्धत म्हणून लिहिले आहेत. मनातून अजून निघत नाहीत.

फोन उचलला नाही, कारण त्या दिवशी तोंडून जे गेलं असतं ते परत घेता आलं नसतं. तुला फक्त फोटो पुसायचा होता. इकडे काय झालं ते ऐक.

आप्पा जेटीवर आपल्या टपरीत चहा गाळत होते. बोटीवरच्या हर्षदनं फोन पुढं केला आणि म्हणाला, धर्माजीकाका, नातीला काकींचं नाव ठेवताय व्हय? आप्पांचा चष्मा घरी होता, तेव्हा त्यानंच मोठ्यानं वाचून दाखवलं. हर्षद सांगतो, आप्पा मटकन फळीवर बसले. चहा उतू गेला तरी उठले नाहीत. आई गेल्यापासून त्यांनी तिचं नाव एकदाही घेतलेलं नाही. ते कानावर पडल्यावर आप्पांचं तोंड कसं होतं, हे मला बघायचं होतं. नऊ महिने मी त्याचीच वाट बघत होते. ते हर्षदनं पाहिलं, मी नाही पाहिलं. तुझ्या आयसिंगच्या कौतुकापायी माझं तेवढं गेलं.

घरी येऊन आप्पा मला चकार शब्द बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. पण जेटीवर जो विचारील त्याला सांगतायत म्हणे, न्हाय बा, त्ये आमच्या नातीचं न्हाय, त्या पोरीनं बिस्किटाला नाव ठेवलंय. आता लोक टपरीवर राही बिस्किट मागायला लागलेत. ऐकून मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून आणखीच राग आला.

प्रणालीचं नाव काढू नकोस. लाज वाटते म्हणून घरात दडून बसायचं, हा कुठला न्याय? वाटते तर त्या लाजेला सोबत घेऊन ये आणि उभी राहा सगळ्यांसमोर. पाळण्यापाशी तूच वाकायचंस. पण त्याआधी आप्पांच्या उजव्या कानात नाव सांगायचं. डाव्यानं त्यांना ऐकू येत नाही. त्यांनी ते परक्याच्या तोंडून ऐकलंय, घरच्या तोंडून अजून ऐकलेलं नाही.

आणि बिस्किटं आण. पण कोरी.

लोभ आहेच, राग ओसरला की दिसायला लागेल.

शिवानी


काशीद,
दि. १८ नोव्हेंबर

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. दादानं बारशाच्या घुगऱ्या बोटीतच संपवल्या, आईला एक दाणा दाखवला नाही.

बिस्किटांची गंमत बघ. काही लिहायचं नव्हतं, तर आयसिंग एका रात्रीत वाळलं! तुमच्याकडच्या बायका ताट बघून विचारत होत्या, यावर नाव कुठाय गं? मी मान खाली घालून ताट पुढं पुढं नेत राहिले. आणि कुर्रर्र झाल्यावर पाठीत जे धपाटे बसले, त्यातला तुझा कुठला ते मी न वळता ओळखलं. अजून दुखतंय. तो हवाच होता मला.

निघताना तू विचारलंस, आप्पांच्या कानाशी इतका वेळ काय करत होतीस. तेव्हा सांगता आलं नाही. वाकले खरी, पण नुसती पदरच सावरत राहिले. सगळे बघत होते. वाटलं, आता कुठल्या तोंडानं सांगू? तेवढ्यात आप्पांनी माझं मनगट धरलं आणि अगदी हळू म्हणाले, सांग गो बाय, मला कुठं म्हाईत हाय.

मग सांगितलं. त्यानंतर आप्पांचं तोंड कसं झालं ते मी पाहिलं नाही. मुद्दाम खाली जमिनीकडे बघत राहिले. तू पाळण्यापलीकडे समोरच बसली होतीस, आणि ते बघायचा हक्क तुझा होता.

जास्त मागत नाही. लोभ जेवढा शिल्लक असेल तेवढा राहू दे, आणि एकच कळव. तू पाहिलंस ना?

तुझी,
रुचिता