तारांची चाकं की काळी

२ नोव्हेंबर, रविवार

आणखी दोन तारा तुटल्या! मागच्या डाव्या चाकाच्या. कोन गावाच्या वळणावर खड्ड्यात टण्ण आवाज आला तेव्हाच कळलं. गाडी बैलगाडीच्या चालीने गॅरेजपर्यंत नेली. चारुदत्त मेकॅनिक वाकून बघून म्हणाला, "काका, साठ वर्षांची चाकं ही. सायकलसारख्या तारा आणि आपले रस्ते! अलॉय लावून टाका."

लावून टाका म्हणे. दाराचं कुलूप आहे का, लावून टाकायला!

ही लाल एमजी, जुनी विलायती गाडी, नेरे गावातल्या एका फार्महाऊसमध्ये ताडपत्रीखाली सडत होती. मी विकत घेतली तेव्हा मोहल्ल्याने मला वेड्यात काढलं. मस्कतहून कायमचा परत आलेला माणूस घरावर मजला चढवतो, दुकान टाकतो. मी दोन सीटची, बिनछपराची गाडी आणली. घरात मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. बिल्कीस म्हणाली, "छान आहे." नावेद म्हणाला, "मस्त, अब्बा." संपलं! बायको-मुलगा दोघंही आजवर एकदाही शेजारी बसलेले नाहीत.

४ नोव्हेंबर, मंगळवार

चारुदत्तने पर्याय सांगितले. तारांचीच, पण नवी — मूळची शोभा तीच, मात्र अधूनमधून तारा ताणून घ्यायच्या, आत ट्यूब, आणि धुवायला दात घासायचा ब्रश. नाहीतर काळी अलॉय — दणकट, ट्यूबलेस, काही बघायला नको. साधी पत्र्याचीही दाखवली. ती बघून मला टेम्पो आठवला. बाद!

फोटो घेऊन आलो. जेवताना बिल्कीसपुढे फोन धरला. ती जिताड्याचे काटे काढत होती. चष्मा न लावताच बघितलं. "दोन्ही छान. तुम्हाला पसंद ते लावा."

मला पसंद ते! मला काय पसंद ते मला कळत असतं तर विचारलं असतं का?

५ नोव्हेंबर

नावेदला फोटो पाठवले. तो समोरच्या खुर्चीत बसलेला, जासईच्या कंटेनर यार्डातून नुकताच आलेला. त्याने फोनवर अंगठा पाठवला. समोर बसून! मी म्हटलं, "अरे, दोन्हींना एकच अंगठा?" तर दुसरा पाठवला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायरीवर तेच. "नझीरभाई! कधी आलात? परत कधी जाणार?"

"अहो, वर्ष झालं. कायमचा आलो."

"हो का? माशाल्लाह! मग आता कधी जाणार?"

हसून साजरं केलं. पण घरी तरी वेगळं काय आहे? त्या दोघांचा चहा रोजच्या ग्लासात, माझा अजून बशीवाल्या कपात. बशीत दोन बिस्किटं, पाहुण्यासारखी. मी आलो की टीव्हीचा आवाज कमी करतात. दोघांचं कसलंसं हसणं चालू असतं, तेही थांबतं. मला फार एकटं वाटतं. मस्कतच्या खोलीत सहा जणांत असताना वाटायचं त्याहून जास्त. लिहून टाकलं एकदाचं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

चादरींचं कपाट आवरताना आज उमगलं. तिकडून मी खोकी पाठवायचो. येणाऱ्या माणसाबरोबर, कधी कार्गोने. चपला, ब्लँकेटं, मिक्सर, अत्तरं. निवड माझी, रंग माझा, मापही माझ्याच अंदाजाचं. खोकं उघडलं की इकडून फोन यायचा — सगळं छान आहे! चप्पल घट्ट असली तरी छान. समुद्रापलीकडून बदलून थोडीच मिळणार? आणि राबणाऱ्या माणसाचं मन का मोडायचं? आखातात माणूस असलेल्या प्रत्येक घराची ही रीतच. आलेल्या वस्तूला नाव ठेवायचं नाही.

आता वस्तूंच्या मागोमाग मी आलो. मलाही नाव ठेवत नाहीत. कपाटात दोन चादरी अजून कंपनीच्या पिशवीतच होत्या, त्या तशाच परत ठेवल्या.

१२ नोव्हेंबर

परीक्षा घेतली. फोनवर शोधून सोनेरी चाकं काढली — वरातीच्या घोड्यालाही लाज वाटेल अशी! बिल्कीसला म्हटलं, ही ठरवतोय. तिने नीट बघितली. "छान आहेत. चमकतात."

चमकतात!!

चाक कुठलंही बसो, मला फरक पडत नाही. या घरात एकदा, फक्त एकदा कोणीतरी मला 'नको' म्हणावं.

१६ नोव्हेंबर, रविवार

हवा छान होती. बिल्कीसला विचारलं, "नेऱ्यापर्यंत येतेस? तासाभरात परत येऊ." ती म्हणाली, "तुम्ही जाऊन या. माझे कपडे वाळत घालायचेत."

गेलो एकटाच. तात्पुरत्या तारा घातल्यात, त्यामुळे जपून. डोंगर अगदी जवळ आलेले दिसत होते. शेजारच्या सीटकडे बघून "बघ" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. येताना रस्त्यावर एक बाई मुळे विकत होती, दोन जुड्या घेतल्या. सीटवरून घसरायला लागल्या म्हणून त्यांना पट्टा बांधला. सिग्नलला एक पोरगी बघून खूप हसली. मला हसू आलं नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

काळी घेतली. स्वतःच ठरवलं, दुसरं कोण ठरवणार? चारुदत्तच्या गॅरेजमधून चारही घरी आली. तो सोमवारी येऊन बसवणार आहे. पुढच्या खोलीत खोकी रचून ठेवली, एक उघडून बिल्कीसला दाखवलं. ती पदराला हात पुसत आली, चाकावरून बोट फिरवलं.

"छान आहेत," म्हणाली, आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेली.

खरं सांगू? मला ती आवडलेली नाहीत. रोडरोलरसारखी दिसतात. पण हे ऐकायला कोणी नाही.

२३ नोव्हेंबर

उद्या चाकं बसणार. उत्साह नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी बघतो तर खोकी गायब! चोरी झाली म्हणून ओरडलो. बिल्कीस स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "ओरडू नका. मी टेम्पोत घालून परत पाठवली. चारुदत्तला फोन केलाय, नवी तारांची मागवा म्हणून. ती काळी म्हणजे नुसते तवे होते तवे!"

मग ती बाहेर आली. "आणि शेजारच्या सीटची स्प्रिंग टोचते, ती आधी करून घ्या."

म्हटलं, "तुला काय माहीत?"

"तुम्ही दुपारी झोपलात की मी रोज जाऊन बसते त्यात."