जातं कुठाय?

अहो, ऐकलं का,

काल तुमचं वर्षश्राद्ध झालं. पाहुणे आज सकाळच्या गाडीनं गेले. लेक तेवढी राहिली आहे. भांडी घासून पालथी घातली आणि आता मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. समोर असतात तर तोंडावरच बोलले असते. पण भांडण रंगात यायच्या आधी उठून जायची तुमची जुनीच खोड!

झालं असं, की पंगती उठल्यावर तुमच्या आई, आमच्या आत्याबाई, म्हणाल्या, "शालन, दत्तूनं भरल्याली माजी ओवी लाव की गं." वर्षभरात त्यांनी एकदाही तुमच्या त्या टेपला जोडलेल्या, आवाज गाळायच्या खोक्याचं नाव काढलं नव्हतं. मी फडकं काढलं, धूळ पुसली, टेपवर फीत चढवली.

खोक्यावरची तुमची पांढऱ्या रंगातली अक्षरं अजून तशीच आहेत. एका खटक्याखाली 'खरखर', दुसऱ्याखाली 'घरघर'. पहिला पाडला की वरचे बारीक आवाज जायचे, दुसरा पाडला की खालचे जाड. मधे उरायचा तो फक्त माणसाचा गळा. "शब्द तेवढा पोचला पायजे, बाकी समदा कचरा!" पलटणीत सिग्नलमध्ये उभी हयात कानाला यंत्र लावून काढलीत, तिथं ते खरं असेल. पण मलकापुरातल्या घरात कुठली लढाई चालली होती हो? भजनाची तबकडी लावली की टाळ गेले, पखवाज गेला, आणि बुवा गोधडीत तोंड घालून गात असल्यासारखे वाटायचे. मी खटके वर करायची, तुम्ही खाली पाडायचात. भाजीतल्या मिठावरून आपण भांडलो नसू इतकं त्या दोन खटक्यांवरून भांडलो.

काल ओवी सुरू झाली. आत्याबाई कानाशी हात धरून ऐकत होत्या. जरा वेळानं माझ्याकडं बघून म्हणाल्या, "जातं कुठाय?"

"त्यांनी काढून टाकलं, आत्याबाई. ओवी नीट ऐकू यावी म्हणून."

"काढलं? मग मी काय नुसती बसून गळा काढतीया व्हय? ऐकणारा म्हनंल, म्हातारी रडतीया!"

तुम्ही द्यायचं ते उत्तर!

आठवतो का तो दिवस? तुम्ही आधी आत्याबाईंना खुर्चीवर बसवलंत, पुढं माईक ठेवलात आणि म्हणालात, "हं, म्हण." त्यांना एक ओळ आठवेना. "आरं, जात्यावर बसलं की ओवी सुचती. खुर्चीवर काय सुचतंय, कप्पाळ?" मग गिरणी आल्यापासून कोपऱ्यात पडलेलं जातं ओढून मधे आणलंत. त्यांचा खांदा दुखरा, एकटीला ओढवेना. समोर मी बसायची, ती रीतच. पण माईक भुईवर ठेवला तर जात्याचा धक्का त्यात शिरेल, म्हणून तो मी हातात उचलून धरायचा, असा तुमचा हुकूम. मग जात्याला दुसरा हात कुणाचा? लुंगी खोचून तुम्हीच बसलात आईसमोर! शेजारच्या पारूबाई दारातून ओरडल्या, "आवं हवालदार, आता भाकऱ्याबी थापा की!" तुम्ही हसलात, पण खुंटा सोडला नाहीत.

माझा हात भरून आला आणि बांगड्या वाजायला लागल्या. "त्या काढून ठीव," म्हणालात. केवढ्या कडाडल्या होत्या आत्याबाई! "सवाष्णीचा हात मोकळा करतोस व्हय रं?" बांगड्या राहिल्या. पण तुम्ही ऐकणारे थोडेच! मित्राचा टेप मागून आणलात, दोन्ही खटके पाडलेत आणि खोक्यातून गाळून ओवी नव्या फितीवर उतरवलीत. बांगड्या गेल्या, जातं गेलं. आता माझे हात मोकळेच आहेत, कसली किणकिण नाही. झालं ना तुमच्या मनासारखं स्वच्छ?

मी तेव्हाच म्हटलं होतं, ती पहिली फीत राहू द्या. "कचऱ्याची काय पूजा घालायची?" म्हणालात आणि तिच्यावर उसाच्या खोडकिडीवरचं रेडिओचं भाषण भरून ठेवलंत! ते आहे हो, जपून राहिलंय. किडीबद्दलचा शब्द न् शब्द पोचतो. त्याचं मी काय करू?

कारण काल आत्याबाई थांबल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "जातं जाऊ दे गं. त्यो माज्याम्होरं बसून ओढत हुता. मग त्यो कुठं हाय ह्यात?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, तुम्ही काय केलंत ते. ती घरघर तुमचीच होती! भजनं, कीर्तनं, सगळ्या गावाचे आवाज भरलेत, पण एकाही फितीवर स्वतः बोलला नाहीत. होतात ते एवढ्या एका ठिकाणी, तेही स्वतःच्या हातानं पुसलंत. असा राग आला म्हणून सांगू! खोकं उचलून उकिरड्यावर टाकावंसं वाटलं. मी बटण बंद करायला उठले.

"थांब," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटले होते आणि रिकामी मूठ मांडीपुढं गोल फिरत होती. "हितं बघ. हितं त्यानं जोर लावलाय, म्हून माजा गळा मोकळा सुटलाय. आता खुंटा माज्याकडं आला... दबला बघ आवाज. आता परत त्याच्याकडं."

मी खाली बसून ऐकलं. खरंच की हो! प्रत्येक फेऱ्याला आवाज दबत होता आणि सुटत होता. सुटत होता तिथं तुम्ही होतात. फीत संपेपर्यंत त्यांची मूठ थांबली नाही, आणि मला रडू आवरलं नाही.

तर आता माझं ऐका. त्या फितीवर मी कुणाला काही भरू देणार नाही. उद्या जातं पुन्हा मधे आणते. टेप कसा चालवायचा ते तुम्ही लेकीला शिकवलंय, ती माईक धरील, हातभर बांगड्या घालून. आत्याबाईंसमोर तुमच्या जागी मी बसेन. दोन्ही खटके वर राहतील, सांगून ठेवते. शब्द नाही पोचला तर नाही पोचला.

तुमची,
शालन