चौथ्या चाकावरची हिरवी रेघ

रविवार, दुपार

प्रिय भुंग्या,

आता तू वाचनालयात टेबलामागे बसतोस, लोक तुला सर म्हणतात, चष्मा लागलाय म्हणे. तरी मी भुंग्याच म्हणणार. चौथीत असल्यापासून तोंडाने गाडीचा आवाज काढत घरभर फिरायचास. तोही साधा घुर्रर्र नाही, खर्जातला, अडखळत येणारा, त्या जपानी सुबारू गाडीचाच. आई म्हणायची, या मुलाला एकदा बंद कसं करायचं ते तरी सांगा कुणीतरी! तर भुंग्या, तुझं पत्र मंगळवारी मिळालं. चार ओळी. अकरा वर्षांत मी तुला एक काम सांगितलं, मास्तरांची गाडी चालू करून द्यायचं, आणि तू मला चार ओळींत वाटेला लावलंस. 'मास्तरांना नमस्कार सांग. गाडी दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. माझ्या हातांवर माझाच भरवसा नाही, ते आता पुस्तकांवर शिक्के मारण्यापुरतेच बरे.' वाचून आधी चिडले, मग तेच पत्र घडी घालून खिशात ठेवलं, आणि तेव्हापासून ते काढतेय, वाचतेय, ठेवतेय. मंगळवारपासून माझा जीव थाऱ्यावर नाही. काल बारा नंबरचा पाना शोधत गॅरेजची अख्खी शेड पालथी घातली, तो माझ्याच दुसऱ्या हातात होता. हस खुशाल.

आज शेड बंद आहे, म्हणून इथेच बसून जॉब कार्डांच्या पाठीवर लिहितेय. बाहेर बाबा अंगण झाडतायत. सकाळपासून तिसऱ्यांदा. गुडघे धरलेत, डॉक्टरांनी वाकू नका म्हणून सांगितलंय, पण आज त्यांना कोण सांगणार! खराट्याचा आवाज थांबला की मी लिहायची थांबते आणि पुन्हा सुरू झाला की पुन्हा लिहिते.

मास्तरांची गाडी तुला आठवत असणारच, नाही कशी आठवणार. आभाळी रंगाची सुबारू, मागे लांब टपाची. वळणावर तो अपघात झाला त्यानंतर बाबांनी दार ठोकून सरळ केलं, चाक बसवलं, रंग मारला, सगळं स्वतःच्या हातांनी. पण मास्तरांनी ती मागच्या आवारात लावली, वर ताडपत्री टाकली आणि सायकल घेतली. गेल्या महिन्यात ते शाळेतून निवृत्त झाले. दुसऱ्याच दिवशी सायकलवरून शेडमध्ये हजर. म्हणाले, आता गाडी घेऊन निघायचं, जिथे बरं वाटेल तिथे थांबायचं आणि चित्रं काढायची. गाडी चालू करून दे, पण तू नको, तुझे बाबाही नकोत, धाकटा हवा. मी म्हटलं, अहो मास्तर, त्याच्यामुळेच तर तुमचा हात... तर त्यांनी तो न सरळ होणारा कोपर हलवून दाखवला आणि म्हणाले, हात वाकडा झाला, डोळा नाही झाला. तो मुलगा कसं काम करायचा ते मी पाहिलंय. मी उठून उगाचच हवेचा पंप चालू केला.

आता तुला पाठ असलेलीच गोष्ट तुलाच सांगणार आहे. विषय टाळतेय असं म्हणशील. टाळतेच आहे, पण ऐक. ती सुबारूवाली कंपनी मुळात विमानांची. जपान महायुद्धात हरल्यावर विमानं बनवायला बंदी आली आणि एवढ्या मोठ्या कारखान्याचे तुकडे तुकडे करून टाकले. विमानं घडवणारे हात रिकामे पडले. मग कुणाला तरी विमानांची उरलेली शेपटाकडची छोटी चाकं दिसली, आणि त्यांनी ती लावून स्कूटर काढली. हे सांगताना तू कॉटवर उभा राहायचास! मग आठेक वर्षांनी त्या तुकड्यांपैकी पाच पुन्हा एकत्र आले. मोटार बनवली, तर तिला नाव सुचेना. सगळ्यांकडून नावं मागवली, साहेबाला एकही पसंत पडेना, शेवटी त्याने स्वतःच्या मनात जपलेलं नाव देऊन टाकलं. सुबारू, म्हणजे आपल्या कृत्तिका. बिल्ल्यावर सहा तारे, पाच लहान आणि एक मोठा, पाच मिळून झालेला. तू तो बिल्ला फडक्याने पुसत विचारायचास, ताई, यात मोठा तारा कोण? मी म्हणायचे, मी! आणि तू ऐकून घ्यायचास. तू नेहमी ऐकूनच घ्यायचास, हीच तर पंचाईत.

खरं सांगू, मला त्या गाड्यांचं एवढं कौतुक कधी कळलंच नाही. दिसायला काही अप्सरा नव्हत्या. त्यांची ती पहिली चिमुकली मोटार तर लाल ठिपकेवाल्या किड्यासारखी, तिकडच्या लोकांनी तिला लाडाने त्याच किड्याचं नाव दिलेलं. इंजिन स्कूटरएवढं आणि बसणार चार माणसं. पण तू म्हणायचास, ताई, विमानवाल्यांचे हात आहेत ते, पत्रा पातळ असेल पण विचार जाड आहे. मग ते पसरलेलं इंजिन. बाकीच्या गाड्यांत पिस्टन उभे नाचतात, इथे आडवे, समोरासमोर, एकाने ठोसा मारला की दुसऱ्यानेही मारायचा, आणि दोघांचे हादरे एकमेकांत जिरून जायचे. बाबा आपल्या दोघांकडे बघून म्हणायचे, यांचं इंजिनही तसंच आहे, फक्त हादरे जिरत नाहीत. आणि चारही चाकांना जोर देणारी ती पहिली गाडी! बर्फाच्या डोंगरात विजेच्या तारा दुरुस्त करायला जाणाऱ्यांनी गळ घातली म्हणून केलेली. त्या लोकांना मिरवायचं नव्हतं, पोचायचं होतं, आणि काम करून परत घरी यायचं होतं. गिऱ्हाईक एकदा या गाडीत बसलं की दुसरीकडे का वळत नाही ते मला आता, या वयात, थोडंफार कळतंय.

बाबांचा खराटा थांबलाय. एक मिनिट. नाही, नळावर हात धुतायत... आता परत सुरू.

तर रंग. बाबांचा लाल, माझा पिवळा, तुझा हिरवा. ज्याने नट आवळला त्याने त्या नटावरून चाकापर्यंत आपल्या रंगाची रेघ ओढायची. नट जरा जरी सरकला तरी रेघ तुटलेली दिसते, म्हणून बाबांनी लावलेली शिस्त. चारही चाकं ओढणारी गाडी असेल तर एकाही चाकाची हयगय चालणार नाही, हे त्यांचं वाक्य आपण झोपेतही म्हटलं असतं. तुझ्या रेघा कशा बारीक, सरळ. माझ्या म्हणजे चटणी सांडल्यासारख्या. आणि तुझे कान! इंजिनावर स्क्रूड्रायव्हरचं टोक ठेवून मूठ कानाला लावायचास आणि डोळे मिटून सांगायचास, आतलं बेअरिंग, डावीकडचं. उघडलं की तेच असायचं. बाबा गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगायचे, याच्या कानातच बेअरिंग बसवलीत. मी चार वर्षांनी मोठी. सकाळी शेड मी उघडायची, गिऱ्हाइकांची कटकट मी ऐकायची, हातापायांना ग्रीस मीही फासायची. पण शाबासकी तुझी. मी हसून म्हणायचे, वा रे वा, आमच्या भुंग्याची कमाल! आणि आत नाकाला मिरच्या झोंबायच्या. हे मी तुला कधी बोलले नाही. बोलले असते तर कदाचित तिथेच संपलं असतं.

मास्तरांच्या गाडीचं चाक निखळलं त्या दिवशी संध्याकाळी बाबा वळणावरून परत आले तेव्हा त्यांच्या तळहातावर दोन नट होते, रस्त्याकडेच्या गवतात सापडलेले. दोन्हींवर हिरवा रंग. बाबांनी ओरडून नाही विचारलं, हळूच विचारलं, हिरवा कुणाचा? तू म्हणालास, माझा. एवढंच. मी आवळले होते, नीट आवळले होते, असं काहीही नाही. नटांकडे बघत राहिलास, मग स्वतःच्या हातांकडे. बाबा म्हणाले, मास्तरांचा हात मोडला, आणखी काहीही होऊ शकलं असतं, या शेडमध्ये आता तुझा पाना नको. आणि तू ते खरं मानलंस. बाबांनी काढलं म्हणून तू गेलास असं लोक म्हणतात, पण तू स्वतःच स्वतःला काढून टाकलंस. तुझी बायको मला फोनवर सगळं सांगते, तिच्यावर रागावू नकोस. मुलीच्या सायकलची साखळी उतरली तरी तू ती उचलून दुकानात नेतोस. कुकरचं झाकण दोनदा तपासतोस, दाराची कडी तीनदा. आणि पोरगी परवा विचारत होती म्हणे, बाबांना काहीच कसं दुरुस्त करता येत नाही? ते ऐकलं त्या दिवशी मी जेवले नाही, भुंग्या.

काल मास्तरांकडे गेले. तुझं पत्र आल्यावर मला घरात बसवेना, शेडमध्ये बसवेना, मग पेटी उचलली आणि गेले. ताडपत्री काढली. टायर बसलेत, काचेवर शेवाळ, आत कसल्या तरी पाखराने घरटं केलंय. मी खाली बसून चाकांवरची धूळ पुसली. तुझ्या तीन चाकांवर पंधरा नट, पंधरा हिरव्या रेघा, एकही तुटलेली नाही. चौथ्यावर बाबांच्या लाल, अपघातानंतरच्या. ठरल्या जोराला टक् करणारा तो आपला लांब पाना घेतला आणि तुझे नट एकेक करून तपासले. टक्. टक्. टक्. पंधराच्या पंधरा, पहिल्या झटक्याला. अकरा वर्षांत एकही जागचा हलला नाही. मास्तर बाजूला उभे राहून मोजत होते. पंधरावा टक् झाला आणि मी तशीच चौथ्या चाकाकडे बघत बसले.

कारण चौथंही तू तसंच आवळलं होतंस. पुढचं उजवं चाक. तू गाडी तयार करून जेवायला गेलास, आणि मी ते पुन्हा उघडलं. मला वाटलं होतं त्यात बारीक गूं आवाज येतोय, आणि तुला तो ऐकू आला नाही. तुझी एक चूक मला हवी होती रे, बाबांना दाखवायला, फक्त एक! बेअरिंग काढून बघितलं, चोख होतं. तू बरोबर होतास. मग कुणाला कळू नये म्हणून ज्याचा नट त्याच्याच बोल्टवर लावून बोटांनी फिरवत तुझ्या हिरव्या रेघा जुळवल्या, पाना नंतर घेणार होते, तेवढ्यात दारात गिऱ्हाईक आलं. परत येऊन बघते तर सगळ्या रेघा जुळलेल्या. झालंय असं समजून मी जॅक खाली केला. नट पूर्ण एक फेरा सैल असला तरी रेघ जुळतेच, हे शेंबड्या पोराला कळेल, मला त्या घाईत कळलं नाही. पण संध्याकाळी बाबांच्या हातातले नट बघितले त्या क्षणी कळलं. आणि मी मूग गिळून उभी राहिले. तू म्हणालास, माझा, आणि मी तुला म्हणू दिलं. मास्तरांना काल तिथेच सगळं सांगितलं. ते आपला कोपर चोळत राहिले. मग एवढंच विचारलं, त्याला सांगितलंस का? म्हणून हे पत्र. बाबांना आज सकाळी चहाच्या वेळी सांगितलं. त्यांनी अर्धा कप तसाच ठेवला आणि खराटा उचलला, तेव्हापासून झाडतायत. तुझ्या हातांनी काहीही बिघडवलं नव्हतं, भुंग्या. त्या दिवशीही नाही, कधीच नाही. मला माफ कर असं म्हणायची माझी हिंमत नाही. तू येऊन माझ्या तोंडावर काय बोलायचं ते बोल, माझ्याशी जन्मभर बोलू नकोस, पण पोरीच्या सायकलची साखळी आजच्या आज स्वतः बसव. आत्ता खराटा थांबलाय. बाबा दारात उभे आहेत, माझ्याकडे बघत नाहीत, भिंतीवरच्या तुझ्या पान्याच्या रिकाम्या खुंटीकडे बघतायत. विचारतायत, ती हिरव्या रंगाची डबी हल्ली कुठे मिळते?

तुझीच, तुला अजून म्हणावंसं वाटलं तर,
ताई