शेळीचं दूध आणि राहिलेला निरोप

इंदापूर,
१२ फेब्रुवारी १९९६

प्रिय आक्का,

म्हस्कूला पत्र लिहायची बुद्धी कशी झाली, म्हणशील. तीनदा फाडलंय. हितं एका टायरच्या दुकानात पडलोय. मालक पंक्चर काढायला शिकवतो आणि दिवसभर डोकं खातो. ते जाऊ दे.

आपल्या लासुर्ण्याला पुण्याच्या डॉक्टरीणबाई येऊन गेल्या, ते तुझ्या कानावर आलंच असेल. आईसारखी चाळिशीतच नजर धुरकट का होते, याचा त्या शोध घेतात. सुईबिई काही नाही. खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवायची, डोळ्याचं पाणी तिच्यात चढलं की बाटलीत घालून बर्फात ठेवायची. त्या पाण्यात प्रथिनं असतात म्हणे. आजारी डोळ्यातली वेगळी निघाली, तर पुढं कुणाचाही आजार नजर जायच्या आधी कळेल. आई तर हरखली होती. पहिला नंबर तिनंच लावला.

आणि सगळं वाया! वीस बायकांच्या पट्ट्या घेऊन झाल्यावर शेजारची रंगूबाई कौतुकानं म्हणाली, "आमी काय घाणेरडं डोळं घिऊन आलो न्हाय, बाई. म्हस्कूच्या आईनं निघताना समद्यांच्या डोळ्यात शेळीचं दूध घातलंय. ताजं!" बाई मटकन बसल्या. दुधातली प्रथिनं मिसळल्यावर तपासणार काय, कपाळ? डोळ्यात काही घालू नका, असा निरोप आदल्या दिवशीच धाडला होता, म्हणून त्या सगळ्यांसमोर आईवर ओरडल्या. असा राग आला मला! बाईंचा, रंगूबाईचा, त्या शेळीचासुद्धा. मेंढरं राखायचो तेव्हापासून आपल्यात डोळ्याला दूधच घालतात. तुझ्याही घातलंय, तू लाथा झाडायचीस.

परवा गावातला सोपान ट्रॉलीचं टायर घेऊन आला होता. म्हणाला, बायका आईला आता 'दूधवाली डॉक्टरीण' म्हणतात. बाई पुढच्या बुधवारी जळोचीत पुन्हा पट्ट्या घेणार आहेत, पण आई म्हणते, मी न्हाय जायची, माझ्या हातानं वाटोळं झालं.

तिच्या हातानं नाही, आक्का. तो निरोप माझ्याकडं होता. त्यासाठी बाईंनी सायकलसुद्धा दिली होती. निघालो, तर कालव्यात उसाचा ट्रॅक्टर पडलेला, क्रेन लावून काढत होते. बघत बसलो. दिवस मावळला. बाईंना जाऊन खोटंच सांगितलं, समद्यांना कळवलं. आणि दुसऱ्या दिवशी माझं नाव घेऊन, त्याच्याबरोबर निरोप धाडला होता म्हणून त्या ओरडत होत्या, तेव्हा मी बर्फाच्या पेटीपाशीच उभा होतो. आईनं माझ्या दिशेनं मान वळवली. मी तिलासुद्धा काही बोललो नव्हतो, हे तिला ठाऊक होतं. तरी बाईंना म्हणाली, "पोरानं सांगितलं हुतं. कुणाला सांगायचं मीच इसरले." मी संध्याकाळची एसटी धरली.

तुझ्या वडगावाहून लासुर्ण्याला जा, आईला घेऊन बुधवारी जळोचीला जा. हे पत्र बाईंना दे, पण आधी रंगूबाईसमोर मोठ्यानं वाच. आणि मंगळवारपासून आईच्या डोळ्यात काही घालू देऊ नकोस. हा निरोप तरी पोचवला म्हण.

तुझाच पळपुटा,
म्हस्कू