परीक्षेतलं घड्याळ

३ मार्च

दवाखान्यातून आलेली पिशवी आज उघडली. मेहुणी समोर होती म्हणून उघडली, एरवी उघडली नसती. टॉवेल, कंगवा, चष्मा, घड्याळ. चष्म्यावर तिच्या बोटाचा ठसा आहे. पुसला नाही.

घड्याळ चालू आहे. मेहुणी म्हणाली, "भावजी, हे परीक्षेतलं. ताईनं याचा निकाल दिलाच नव्हता."

४ मार्च

रीत लिहून ठेवतो. नाहीतर मीच विसरेन.

दुकान दोघी बहिणींचं. नव्या कंपनीचं स्वस्त घड्याळ दुकानात ठेवण्याआधी ही ते स्वतः घालायची, उजव्या मनगटावर. भांडी घासताना, पीठ मळताना, कपडे पिळताना. "माझ्या हातात टिकलं तर कुणाच्याही हातात टिकेल." परीक्षा चालू असताना कळ ओढायची नाही, काटे हलवायचे नाहीत. तिचं स्वतःचं असं घड्याळ नव्हतंच. कायम कुणातरी कंपनीचं, परीक्षेतलं.

आणि रोज सकाळी स्टुलावर चढायची. भिंतीवरच्या घड्याळाची काच उघडून मनगट त्याच्याशेजारी धरायची. पाठ माझ्याकडे. मी खाली चहा पीत बसलेलो.

भिंतीवरचं माझ्या बाबांचं. दर रविवारी किल्ली मी देतो, बाबा गेल्यापासून. मी तिला चिडवायचो — तुझ्या या कालच्या कंपन्या! म्हाताऱ्यापुढे उभ्या तरी राहतील का? ती म्हणायची, "बाबांचं घड्याळ ते. त्याची गोष्टच वेगळी."

५ मार्च

मेहुणी म्हणते राहिलेली परीक्षा मी पुरी करायची. मी म्हटलं, मला यातलं काय कळतं? तर म्हणाली, "मला ते विकायचंय, म्हणजे माझं मन आधीच त्याच्या बाजूनं. तुम्ही जन्मभर जमिनी मोजल्यात. तुम्ही मोजा."

तिचं खरं आहे. जुन्या नामांकित कंपन्यांची घड्याळं लोक काचेतून बघतात आणि पुढे जातात. स्वस्तातलं काही ठेवलं नाही तर दुकान चालायचं नाही. एजंटला महिनाअखेर उत्तर हवंय, नाहीतर माल समोरच्या दुकानात जाणार. पण गिऱ्हाईक आत आलं की एकच विचारतं — ताईंनी घालून बघितलंय ना? त्या एका 'हो'वर दुकान उभं आहे. तो 'हो' आता मी म्हणायचा.

उजव्या मनगटावर बांधलं. पट्ट्याचं तिचं भोक मला येत नाही. दोन भोकं सोडून लावलं.

६ मार्च

स्टुलावर चढलो. काच उघडली. मनगट धरलं.

मागे आहे. चांगलंच मागे.

९ मार्च

दवाखान्यात पडून होतं म्हणून मागे राहिलं असेल, अशी मनाची समजूत घातली होती. आज आणखी मागे.

दुपारी दुकानात मेहुणीनं तिच्या मोबाइलवर लोकांची मतं वाचून दाखवली. माझा मोबाइल बंद करून कपाटात ठेवलाय. सांत्वन पुरे झालं. मतं सगळी चांगली, आणि सगळी एकाच साच्यातली — वडिलांना भेट दिलं, त्यांना फार आवडलं. मेहुणी म्हणाली, "इतके वडील आले कुठून?" पुष्कळ दिवसांनी हसू आलं. लगेच लाज वाटली.

मग तिनं ताईची दुसरी युक्ती केली. तक्रारीच्या नंबरावर चिडलेलं गिऱ्हाईक बनून फोन. ताई म्हणायची, कंपनीचं वय विचारू नये, भांडायला गेल्यावर दार कोण उघडतं ते बघावं. इथे पहिल्याच घंटीला उचलला. पलीकडची बाई इतकी गोड बोलली की मेहुणीच शेवटी सॉरी म्हणाली.

म्हणजे माणसं बरी दिसतात. घड्याळ मागे पडतं. यातलं काय धरायचं?

१० मार्च

मेहुणी आज उशिरा आली. मी बंद शटरसमोर उभा.

१३ मार्च

पुन्हा उशिरा. वर मलाच म्हणते, "भावजी, झोप लागत नाही का? किती लवकर येता!" मान हलवली. झोप लागत नाही हे खरंच आहे. तीही बहीण गमावून बसली आहे, उशीर होणारच.

दुकानात बसलं की बरं वाटतं. तिथली सगळी घड्याळं थांबवलेली, सगळ्यांचे काटे सारखे. कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही.

१५ मार्च

शाळेतल्या एक बाई आल्या. मुलगी कॉलेजात जाणार, तिच्यासाठी हवंय. परवडणारं, पण फसवणारं नको. माझ्या मनगटाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे नवीन दिसतंय. ताईंनी घातलं होतं का?"

मेहुणीनं माझ्याकडे बघितलं. मी काउंटरवरच्या काचेकडे बघितलं. शेवटी ती म्हणाली, "घातलं होतं. पण सांगायचं राहिलं."

बाईंनी पर्स बंद केली, माझ्या खांद्याला हात लावला आणि गेल्या. विक्री झाली नाही.

मेहुणी नंतर कपाट आवरता आवरता म्हणाली, "आवडलेलं असणार ताईला. दवाखान्यातसुद्धा काढू दिलं नाही तिनं. नर्स काढायला गेली तर म्हणे, असू दे, परीक्षा आहे." मला हे माहीत नव्हतं. मी तेव्हा औषधं आणायला गेलेलो असणार.

१७ मार्च

मागे. काच नीट आहे, एक ओरखडा नाही. पट्टा भिजून पुन्हा वाळला, तडा नाही. पाठीमागची अक्षरं पुसली नाहीत. सगळ्यात पास. फक्त वेळ दाखवत नाही. घड्याळानं आणखी करायचं काय असतं?

आवडलेलं असणार, म्हणते. आवडलं म्हणून खोटं खरं होतं का? ती असती तर विचारलं असतं. ती असती तर प्रश्नच नव्हता.

१८ मार्च

मेहुणीला सांगितलं — मागे पडतं, रोज थोडं थोडं. तिचा चेहरा उतरला. कशाशी लावून बघितलंत, हे तिनं विचारलं नाही. "तुम्ही म्हणता तर तसंच असेल," एवढंच म्हणाली आणि समोरच्या दुकानाकडे बघत बसली.

२० मार्च

एजंट आला. मेहुणी बँकेत गेली होती. चांगला मुलगा आहे, आधी ताईंबद्दल बोलला, मग कामाचं. मी सांगितलं, घड्याळ मागे पडतं, आम्हाला नको. त्यानं माझं मनगट हलक्या हातानं वळवलं आणि आपला मोबाइल शेजारी धरला. "काका, आत्ता तर बरोबर दाखवतंय."

मी म्हटलं, "वा! उंदराला मांजर साक्ष."

मी पट्टा सोडला आणि घड्याळ त्याच्या हातात दिलं. सोडताना तिचं भोक दिसलं, ओढून ओढून लांबट झालेलं. परत मागून घ्यावं असं फार वाटलं. पण नापास केलेलं घड्याळ कुठल्या तोंडानं मागायचं? तो दुकानाच्या पायऱ्या उतरेपर्यंत उभा राहिलो.

तिच्या शब्दाला बट्टा लागू दिला नाही. हे तरी नीट केलं.

२२ मार्च, रविवार

मेहुणी जेवायला आली होती. मी भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली दिली. ती बघत होती. म्हणाली, "केवढं पुढे गेलंय हे! आता मागे घेणारं कुणी नाही ना."

मी म्हटलं, म्हणजे?

"पळतं ते, भावजी. पहिल्यापासून. ताई रोज सकाळी काटा मागे घ्यायची. तुम्हाला सांगू नको म्हणायची, बाबांचं आहे, त्यांना वाईट वाटेल."

ती गेल्यावर स्टुलावर चढलो. काच उघडली. काट्याला बोट लावलं, आणि खरी वेळ बघायला उजवा हात वर केला.

मनगटावर काही नाही.